वाफ पुष्कळ झाली, टिकली नाही: घरच्या ओव्हनमधल्या ब्रेडचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या बाईंचं नाव देत नाही. मी त्यांना ताई म्हणते, इथेही तेच म्हणेन.

ताई सहा-सात वर्षं घरी ब्रेड करतात. बहुतेक सगळा साच्यातला, दूध-लोणी घातलेला, मऊ सालीचा. त्या ब्रेडला वेगळ्या वाफेची गरज पडत नाही. आकार साचा देतो, रंग दूध-साखर देतात आणि साल मऊच हवी असते. त्यामुळे ब्रेड भाजताना ओव्हनमध्ये वाफ लागते, हे इतक्या वर्षांत त्यांच्या कधी कामाला आलंच नव्हतं.

मग त्यांनी घरी खमीर तयार केलं आणि साच्याशिवाय, मोकळा भाजायचा गोल ब्रेड करायला घेतला. ५०० ग्रॅम पीठ, ३४० ग्रॅम पाणी, १०० ग्रॅम खमीर, १० ग्रॅम मीठ. बाकी काही नाही. चव उत्तम जमली. इतकी, की शेजारच्या चार घरांनी दर शनिवारी एकेक ब्रेड हवा म्हणून सांगून ठेवलं. एरवी बिघडलेला ब्रेड घरात खपून जातो. दुसऱ्याच्या ताटात जायचा म्हटल्यावर ताईंना तो डोळ्यांत खुपायला लागला.

ओव्हन विजेचा, ६० लिटरचा. वर-खाली कॉइल, मागे पंखा, दाराला दुहेरी काच. दाराच्या वरच्या कडेला हवा बाहेर जायची झरोक्यासारखी फट. ही फट पुढे महत्त्वाची ठरली.

अडचण

"आतून सुरेख, वरून पुठ्ठा," असं एका शेजारणीनं त्यांना सरळ सांगितलं. ताईंनी मला फोन केला: "तू येऊन बघ एकदा. माझं काय चुकतंय ते मला दिसत नाहीये."

मी गेले तेव्हा ब्रेड ओट्यावर जाळीवर निवत होता. साल फिकट, राखाडीकडे झुकणारी, वर पीठ भुरभुरल्यासारखी निस्तेज. मधोमध दिलेली चीर उघडलीच नव्हती. जखम भरून आल्यावर राहतो तसा नुसता वण होता. आणि एका कुशीला, तळापासून दोन बोटं वर, ब्रेड फाटून आतला गाभा गाठीसारखा बाहेर आला होता. सुरी लावली तर साल कुरकुरली नाही, चामड्यासारखी ओढली गेली. गाभा मात्र खरंच छान होता, ओलसर आणि चांगल्या जाळीचा.

ही लक्षणं एकत्र आली की माझा पहिला संशय वाफेवर जातो. कच्चा गोळा तापलेल्या कोरड्या ओव्हनमध्ये गेला की त्याची वरची त्वचा काही मिनिटांत सुकून ताठ होते. आत मात्र तेव्हाच खरी गडबड चाललेली असते. खमीर मरायच्या आधी शेवटचा जोर लावत असतं, साठलेला वायू प्रसरण पावत असतो, पाण्याची वाफ व्हायला लागलेली असते. गोळा फुगू पाहतो आणि वरचं कवच त्याला अडवतं. चीर सुकून मिटलेली असते, मग तो जिथे कमकुवत जागा सापडेल तिथून फुटतो. बहुधा कुशीतून.

ओव्हनमध्ये वाफ असली की चित्र बदलतं. गोळा थंड असतो, त्यामुळे वाफ त्याच्यावर येऊन पाणी होते, थंड पेल्यावर बाहेरून थेंब येतात तशी. वाफेचं पाणी होताना ती आपली उष्णता तिथेच सोडते, आणि ही उष्णता थोडीथोडकी नसते. पाणी ० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. ती सगळी गोळ्याच्या त्वचेला परत मिळते. म्हणजे त्वचा लवकर तापते आणि तरी ओली, लवचीक राहते. वरचा स्टार्च ६० अंशांच्या पुढे पाणी पिऊन खळीसारखा होतो आणि नंतर सुकला की चकाकी देतो. चांगल्या बेकरीतल्या ब्रेडला वरून काही लावल्यासारखी जी चमक असते, ती बहुतेक याच खळीची असते.

आधी केलेले प्रयत्न

ताई स्वस्थ बसल्या नव्हत्या. त्यांनी आधी फवाऱ्याची बाटली वापरून पाहिली: ब्रेड आत सरकवायचा, ओव्हनच्या भिंतींवर पाच-सहा फवारे मारायचे, दार बंद, दोन मिनिटांनी परत. फरक जवळजवळ शून्य. पाच-सहा फवाऱ्यांत पाणी असतं चार-पाच ग्रॅम, आणि दर वेळी दार उघडलं की आतली गरम हवा आणि असलेली वाफ दोन्ही बाहेर. जितकं दिलं त्याहून जास्त गेलं.

मग माझा सल्ला. तो मी फोनवर दिला होता, ओव्हन न बघता: "खालच्या खणात एक ट्रे तापवून ठेवा आणि ब्रेड आत गेला की त्यात कपभर पाणी ओता." पुष्कळ जण असंच करतात, मीही करत असे. ताईंनी तसं केलं. फस्सकन वाफ उठली, दाराच्या काचेवर धुकं आलं, सगळं बरोबर वाटलं. ब्रेड थोडा बरा आला, पण रंग आणखीच फिका. पुढच्या शनिवारी त्यांनी दोन कप ओतलं. ब्रेड आणखी फिका.

इथे आम्ही दोघीही चुकत होतो. वाफ कमी पडते असं समजून पाणी वाढवत होतो. आत प्रत्यक्षात काय होतंय ते मोजलंच नव्हतं.

काच फुटली तो दिवस

तिसऱ्या शनिवारी मी तिथेच होते. ट्रेमध्ये पाणी ओतताना भांडं दाराच्या कडेला लागलं आणि उघड्या दाराच्या आतल्या काचेवर अर्धी वाटी पाणी सांडलं. ओव्हन तासभर २३० अंशांवर होता. क्षणभर काहीच झालं नाही. मग एक कोरडा फटकन आवाज आला आणि आतल्या काचेचे खडीसाखरेएवढे तुकडे होऊन ती खाली आली. काही दारात, काही ओट्याखाली. बाहेरची काच शाबूत राहिली. ताईंच्या पायात चपला होत्या म्हणून निभावलं.

आधी वीज बंद केली, दार तसंच उघडं ठेवलं, ओव्हन पूर्ण थंड होईपर्यंत हात लावला नाही. तो ब्रेड टाकून दिला. काचेचा एखादा कण पिठात गेला नसेल याची खात्री कोण देणार?

ओव्हनच्या दाराची काच उष्णता सोसणारी असते. पण तिच्यावर एखादा बारीक ओरखडा किंवा कडेला टवका असेल आणि एका जागी अचानक थंड पाणी पडलं, तर तो ताण ती सोसेलच असं नाही. आतल्या दिव्याच्या बल्बचंही तसंच. ओव्हनसोबतच्या पुस्तिकेत गरम काचेवर पाणी पडू देऊ नये असं स्पष्ट छापलेलं होतं. ते पान आम्ही दोघींनी नंतर वाचलं.

नवी काच बसून यायला नऊ दिवस लागले. त्या शनिवारी ताईंनी चारही घरांना साच्यातला ब्रेड दिला आणि कारण खरं सांगितलं.

मोजणी

त्या नऊ दिवसांत मी कागद-पेन घेऊन बसले. हे काम पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांना साधारण १.७ लिटर वाफ होते. २३० अंशांना ती आणखी पसरून २.३ लिटरच्या आसपास जाते. म्हणजे ६० लिटरचा अख्खा ओव्हन वाफेनं भरायला २६ ग्रॅम पाणी पुरे. पाच चहाचे चमचे. आम्ही ओतत होतो २५० ग्रॅम, आणि एकदा ५००. कपभर पाण्याची वाफ होते जवळपास पावणेसहाशे लिटर. ती साठ लिटरच्या डब्यात राहणार कुठे? झरोक्याच्या फटीतून, दाराच्या कडांमधून बाहेर. मागचा पंखा चालू असल्यामुळे आणखी भरभर. पाणी भरपूर होतं. वाफ जिथे हवी तिथे, म्हणजे गोळ्याभोवती, पहिली पंधरा-वीस मिनिटं थांबत नव्हती.

दुसरा हिशेब उष्णतेचा. नळाचं कपभर पाणी उकळवून त्याची पूर्ण वाफ करायला साधारण ६४० किलोज्यूल लागतात. ताईंच्या ओव्हनची कॉइल २००० वॅटची. याचा अर्थ ती सव्वापाच मिनिटांहून जास्त वेळ सगळी ताकद नुसतं पाणी आटवण्यात घालवणार, तेही ब्रेडला उष्णतेची सगळ्यात जास्त गरज असते त्याच मिनिटांत. उकळतं पाणी घातलं असतं तरी फार बचत नव्हती, कारण मोठा खर्च वाफ करण्याचाच असतो. बर्फ घातला असता तर तो वितळवण्याचा खर्च वर.

नवी काच बसल्यावर ओव्हनमध्ये थर्मामीटर ठेवला. बटणावर २३० असताना आत २०५ अंश होते. ट्रेमध्ये कपभर पाणी (आता दाराच्या काचेवर जाडा टॉवेल पसरून, लांब दांड्याच्या भांड्यानं) ओतल्यावर काटा १७५ पर्यंत उतरला आणि वर यायला बारा मिनिटं लागली. रंग फिका का येत होता ते तिथे कळलं. जेवढी वाफ वाढवावी तेवढा ओव्हन थंड होत होता.

समोरचे पर्याय

आम्ही जे जे ऐकलं-वाचलं होतं ते सगळं टेबलावर मांडलं.

तापलेल्या ट्रेमध्ये दगड किंवा लोखंडी साखळी ठेवून त्यावर थोडंसं पाणी घालणं. यात ओव्हनऐवजी दगड आपली साठवलेली उष्णता देतात, त्यामुळे तापमान कमी उतरतं. पद्धत चांगली आहे. पण वाफ निसटण्याचा प्रश्न तसाच राहतो, आणि पाणी ओतणं आलंच. काच फुटल्यानंतर ताईंना ते नको होतं.

उकळत्या पाण्यात भिजवलेले टॉवेल ट्रेमध्ये ठेवणं. टॉवेल सावकाश, बराच वेळ वाफ देतात. पण पंधरा मिनिटांनी तो वाफाळता ट्रे बाहेर काढायचा, आणि टॉवेल कोरडा पडून कॉइलला लागला तर पेटायची भीती.

झरोका बंद करणं. ताईंच्या एका नातेवाइकानं फटीत ॲल्युमिनियम फॉइल कोंबायला सुचवलं होतं. याला मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. विजेच्या ओव्हनमध्ये कोंडलेली गरम ओली हवा बटणांच्या मागच्या वायरिंगकडे जाऊ शकते. गॅसच्या ओव्हनमध्ये तर हा विचारही करू नये. ज्योतीला हवा लागते आणि जळालेला वायू बाहेर जावाच लागतो. तो अडला तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. गॅसच्या ओव्हनमध्ये वाफ टिकत नाही ती याच मोकळ्या वाटेमुळे. ती वाट सुरक्षिततेसाठीच ठेवलेली असते.

प्रेशर कुकरच्या शिटीच्या नळीला रबरी नळी लावून वाफ ओव्हनमध्ये सोडणं. नळी निसटली तर वाफ माणसावर येते. यावर चर्चासुद्धा केली नाही.

शेवटचा पर्याय, झाकणाचं जड भांडं. वाफ ओव्हनभर करण्यापेक्षा गोळ्यालाच छोट्या खोलीत ठेवायचं. ही कल्पना फार जुनी आहे, पण घराघरांत ती परत आली २००६ साली, न्यू यॉर्कमधले बेकर जिम लाही यांची न मळता करायच्या ब्रेडची कृती वृत्तपत्रात छापून आल्यावर. हिशेब बघितला की तिची ताकद कळते. सहा लिटरचं भांडं वाफेनं भरायला तीन ग्रॅमहूनही कमी पाणी लागतं. तेवढं पाणी गोळा स्वतःच सोडतो. बाहेरून काही ओतायलाच नको.

निर्णयाची जागा इथे होती. ताईंना भांडं पसंत नव्हतं. एक तर त्यांना लांबट ब्रेड करायची हौस होती आणि भांडं गोल. दुसरं कारण त्यांनी जरा थांबून सांगितलं: "माझं मनगट दुखतं गं. पाच किलोचं तापलेलं बीड मी नाही उचलू शकत." हे मला आधी माहीत नव्हतं. पद्धत निवडताना करणाऱ्याचे हात किती वजन पेलतात हे विचारायला हवं, हे मी या प्रकरणात शिकले.

काय केलं

पहिल्यांदा एक तुलना केली. एकाच पिठाचे दोन सारखे गोळे, एकाच वेळी आकार दिलेले, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलेले. एक उघडा भाजला, वाफेशिवाय. दुसरा माझ्या बिडाच्या भांड्यात, झाकण लावून. दोन्हींना थर्मामीटरवर खरे २३० अंश. उघडा ब्रेड पहिल्यासारखाच आला, फक्त रंग थोडा बरा. भांड्यातल्या ब्रेडचं झाकण २० मिनिटांनी उघडलं तेव्हा ताई काही बोलल्या नाहीत, नुसत्या वाकून बघत राहिल्या. चीर पूर्ण उघडली होती, तिची एक कड ओठासारखी वर उचललेली. ब्रेड अजून फिका होता, पण काच बसवल्यासारखा चमकत होता, आणि त्वचेवर बारीक बारीक फोड आले होते.

वजनंही केली. गोळा आत गेला ९४० ग्रॅम. झाकण काढताना कागदासकट उचलून काट्यावर ठेवला, कागद वजा करून ९०८. भाजून निघाल्यावर ८१५. म्हणजे पहिल्या २० मिनिटांत त्यानं ३२ ग्रॅम पाणी सोडलं. भांडं भरायला लागते त्याच्या दहापट.

आता मनगटाचा प्रश्न. भांडं बाहेर काढायचंच नाही असं ठरवलं. ते खालून दुसऱ्या खणावर कायमचं बसवलं, फक्त खण पुढे ओढायचा. उचलायचं ते झाकण, दीड-दोन किलोचं. गोळा बेकिंग पेपरच्या झोळीत धरून आत सोडायचा. कागदाची बाहेर येणारी टोकं कापून टाकायची, नाही तर ती करपतात. झाकण काढताना आधी पलीकडची कड उचलायची, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही. काढलेल्या झाकणावर लगेच जाडा हातमोजा टाकून ठेवायचा, कारण पाच मिनिटांनी ते गरम आहे हे दिसत नाही आणि हात सवयीनं जातो.

एक प्रयोग थंड भांड्याचाही केला: गोळा थंड भांड्यात ठेवायचा, झाकण लावायचं आणि तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवायचं. हाताला सगळ्यात सुरक्षित. ब्रेड चांगला आला, फुगला थोडा कमी, तळ फिका, आणि झाकणाखाली नऊ मिनिटं जास्त द्यावी लागली. पण भरलेलं भांडं उचलणं आलंच, म्हणून ताईंसाठी तो मार्ग नव्हता. ज्यांना भाजण्याची भीती वाटते आणि मनगट धड आहे, त्यांना मी हाच सुचवेन.

लांबट ब्रेडसाठी वेगळी सोय लागली. जाड लोखंडी तवा तळाला आणि त्यावर स्टीलचं खोल, लांबट भांडं उपडं. हे झाकण पातळ, कडांना फट राहते आणि आतली जागा साधारण १५ लिटर, म्हणजे सहा-सात ग्रॅम वाफ हवी. गोळ्याला ती सोडायला काही मिनिटं लागतात, आणि नेमकी तीच मिनिटं मोलाची. म्हणून झाकायच्या आधी बर्फाचा एक छोटा खडा कागदाखाली, ब्रेडपासून दूर, तव्याच्या कोपऱ्यात ठेवला. ओतणं नाही, सांडणं नाही. या सगळ्यात पंखा बंद ठेवला, फक्त वर-खालची कॉइल. झाकण काढल्यावर पंखा चालू.

झाकण किती वेळ

यावर आम्ही तीन शनिवार घालवले आणि ते वाया गेले नाहीत. ताईंचं म्हणणं, वाफ चांगली तर अर्धा तास राहू दे. तसं केलं. साल जाड, चिवट झाली, चीर उघडली पण कड मऊ पडून परत बसली, रंग यायला उशीर लागला.

याचं कारण सरळ आहे. साल ओली आहे तोवर तिचं तापमान १०० अंशांच्या फार पुढे जात नाही. खरपूस रंग आणि वास ज्या क्रियेतून येतात ती १४० च्या पुढे जोर धरते. म्हणजे आधी ओलावा हवा आणि नंतर तो जायलाही हवा. फुगण्याचं काम पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बहुतेक उरकतं. त्यापुढची वाफ ब्रेडच्या काही उपयोगाची नाही.

१५ मिनिटांचा प्रयोग कुरकुरीत आला पण चमक कमी. २० मिनिटं झाकून आणि २२ ते २५ मिनिटं उघडा, हे ताईंच्या ओव्हनमध्ये बसलं. दुसऱ्या ओव्हनमध्ये दोन-चार मिनिटं इकडेतिकडे होतील. शेवट घड्याळावर न ठरवता गाभ्याचं तापमान ९६ ते ९८ अंश आणि सालीचा रंग बघून ठरवायचा.

परिणाम

काच फुटल्यापासून सहाव्या शनिवारी चारही घरी भांड्यातला गोल ब्रेड गेला. पुठ्ठा म्हणणाऱ्या शेजारणीनं फोन केला आणि काही न बोलता फोन ब्रेडजवळ धरला. गरम ब्रेड निवताना साल तडतडते, तो आवाज तिला ऐकवायचा होता. ताईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता.

सगळंच सुटलं असं नाही. एका शनिवारी भांड्यातला ब्रेडही कुशीतून फाटला. वाफ तीच, तापमान तेच. त्या दिवशी घाईत गोळा पुरता फुगू दिला नव्हता आणि चीर वरवरची होती, अर्धा सेंटीमीटरही नव्हती. बोटानं दाबल्यावर खळगा टुणकन वर आला होता, तो इशारा होता. कमी फुगलेला गोळा आणि कमी वाफ दोन्ही कुशीतूनच फाटतात. ओळखायचं सालीवरून: चमकदार साल आणि तरी फाटला असेल तर वाफेला दोष देऊ नये.

तळ करपण्याचा त्रासही झाला, कारण बीड खालच्या कॉइलची उष्णता थेट धरून ठेवतं. झाकण काढायच्या वेळी भांड्याखालच्या खणात एक रिकामा ट्रे सरकवला की तो आडोसा होतो. एवढ्यानं भागलं.

आता वेगळं काय केलं असतं

पहिल्याच भेटीत थर्मामीटर आत ठेवला असता. ओव्हन २५ अंश कमी तापतो हे कळलं असतं तर निम्मा फिकेपणा वाफेशिवायच गेला असता, आणि मग वाफेचा प्रश्न केवढा हे स्वच्छ दिसलं असतं.

ओव्हन न बघता फोनवर सल्ला दिला नसता. ट्रे आणि पाण्याची पद्धत चुकीची नाही, कित्येक घरांत ती चालते. पण ती सांगताना काचेवर टॉवेल टाका, आधी पुस्तिका बघा, पाणी अर्धी वाटीच घ्या, पंखा बंद ठेवा, हे सगळं सोबत सांगायला हवं होतं. मी फक्त "कपभर पाणी ओता" एवढंच म्हटलं. ती काच माझ्या अर्धवट सल्ल्यामुळे फुटली असं मी मानते. ताई तसं मानत नाहीत.

दोन गोळ्यांची तुलना शेवटी न करता सुरुवातीला केली असती. त्या एका सकाळी जे दिसलं ते आधीच्या तीन शनिवारांत दिसलं नाही, कारण दर वेळी पाणीही बदलत होतं, फुगवायचा वेळही आणि ओव्हनची उष्णताही.

आणि मनगटाबद्दल आधी विचारलं असतं.

सध्या ताईंपुढे एकच गोष्ट उरली आहे. भांडं एक आणि ब्रेड चार, त्यामुळे शनिवारची सकाळ लांबते. उरलेले गोळे फ्रिजमध्ये थांबतात, एकेक करून बाहेर येतात. दोन भाजण्यांच्या मध्ये झाकण ओव्हनमध्येच परत तापवलं तर पंधरा मिनिटांत पुढचा ब्रेड आत जातो. ते बाहेर ठेवलं की जास्त वेळ लागतो. चौथा ब्रेड पहिल्यापेक्षा किंचित गडद येतो, बीड तोवर पुरतं तापलेलं असतं. शेजारणीला तोच हवा असतो, आणि ताईंनी त्याच्या कागदावर तिचं नाव आधीच लिहून ठेवलेलं असतं.